काच पक्की आहे, पहारा कोणाचा?

जैतापूरचा विषय निघाला की शिवाजी पेठेत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे, की ते सगळे घाटाखालचे, कोल्हापूरला त्याचे काय? दुसरे थोड्या जाणत्या माणसाचे असते: अणुकचऱ्याचा उगाच बाऊ करतात, आपले शास्त्रज्ञ तो काचेत घालून डब्यात बंद करतात, विषय मिटला. मला प्रतिवाद करायचा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या वाक्याचा, कारण त्यातले निम्मे खरे आहे. कचरा काचेत घालतात हे खरे. चांगल्या तऱ्हेने घालतात हेही खरे. पण जो हा कचरा तयार करतो तोच तो साठवतो, तोच त्याची मोजदाद ठेवतो आणि साठवण सुरक्षित आहे की नाही याचा दाखलाही तोच देतो. उच्च पातळीच्या अणुकचऱ्याची भारतातली खरी अडचण या देखरेखीत आहे, आणि ती काचेने सुटत नाही. ती सुटेपर्यंत विषय मिटला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही, असे माझे म्हणणे आहे.

'घाटाखालचे' म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी आधी थोडे. राजापूर तालुक्यातल्या माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या सड्यावर १६५० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्या, म्हणजे ९९०० मेगावॉटचा प्रकल्प योजलेला आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ३५ अटी घालून त्याला पर्यावरण मंजुरी दिली. एप्रिल २०११ मध्ये त्याच्या विरोधातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. इतकी वर्षे उलटून अणुभट्टी उभी राहिलेली नाही, आणि प्रकल्प रद्दही झालेला नाही. तिथली मासळी आणि हापूस घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात येतो, म्हणजे 'घाटाखालचे' हा शब्द नकाशावर खरा असला तरी ताटात खोटा आहे. शिवाय देशातला सगळ्यात जुना उच्च पातळीचा अणुकचरा महाराष्ट्रातच आहे. वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा देशातला पहिला कारखाना १९६०च्या दशकात तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला उभा राहिला. दुसरा तारापूरला. या विषयावर बोलण्याचा पहिला हक्क, आणि पहिली जबाबदारी, मराठी माणसाची आहे.

कोल्हापूरला तर हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. रंकाळा शिवाजी पेठेच्या दारात आहे. श्याम सोसायटीच्या नाल्याचे पाणी त्यात येते, जयंती नाल्याचे पंचगंगेत जाते, हे पेठेतल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. महापालिका सांडपाणी सोडते, प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेते, नोटीस काढते, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाते. यातून नदी स्वच्छ झाली असे कोणीही म्हणणार नाही, आणि मंडळाच्या कामावर आपण कितीतरी बोललो आहोत. तरीही एक गोष्ट तिथे जागेवर आहे: पाणी सोडणारा हात आणि नमुना घेणारा हात वेगळा आहे. म्हणूनच पाण्यातले आकडे पेपरात छापून येतात आणि तालमीच्या कट्ट्यावर त्यावर वाद घालता येतो. आता अशी कल्पना करा, की पाण्याची तपासणी महापालिकेनेच करायची, मर्यादाही तिनेच ठरवायची आणि अहवाल गोपनीय म्हणून कपाटात ठेवायचा. कोल्हापूरने हे एक दिवस चालू दिले असते का? टोलच्या लढ्यात या शहराची एक मोठी मागणी रस्त्यांच्या कामाच्या फेरमूल्यांकनाची होती, कारण ज्याला पैसे मिळणार त्याच्याच आकड्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. अणुकचऱ्याच्या बाबतीत नेमके तेच आपण गेली कित्येक वर्षे मुकाट्याने मान्य केले आहे.

हा कचरा म्हणजे नक्की काय, ते जवळून पाहायला हवे, नाहीतर बोलणे हवेत राहते. अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाच्या कांड्या आधी काही वर्षे पाण्याच्या खोल तलावात निववतात. मग त्यांचे तुकडे करून नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतात. मागे उरते ते आम्लयुक्त द्रावण. वजनाने मूळ इंधनाच्या दोन-तीन टक्के ऐवज त्यात असतो, पण किरणोत्सर्गाचा फार मोठा भाग त्या दोन-तीन टक्क्यांतच असतो. हे द्रावण स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत, सतत थंड ठेवून साठवावे लागते, कारण ते स्वतःच उष्णता निर्माण करत राहते. पुढची पायरी काचीकरणाची. द्रावण आटवून, त्यात काचेची द्रव्ये मिसळून, हजार अंश सेल्सियसच्या आसपास वितळवून ते पोलादी डब्यात ओततात. डब्याचे झाकण यंत्राच्या हाताने वेल्ड करतात. माणूस जाड भिंतीआड, शिशाच्या काचेच्या खिडकीमागे उभा असतो. असे ३ डबे एका मोठ्या आवरणात बसवून तारापूरच्या काँक्रीटच्या तळघरात ठेवतात. तिथे पंखा नाही, पंप नाही. डब्यांच्या उष्णतेने तापलेली हवा उंच चिमणीतून वर जाते आणि खालून थंड हवा आपोआप आत ओढली जाते. वीज गेली तरी गारवा थांबत नाही. ही रचना करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मनात आदरच वाटतो, आणि अणुखात्यावर टीका करताना तो राखला पाहिजे असे मला वाटते. तुर्भ्याला तर याच कचऱ्यातून सिझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवतात आणि त्या रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रात वापरल्या जातात. जगात हे करणारे देश फार नाहीत.

मग हरकत कुठे आहे? पहिली हरकत काळाशी आहे. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, म्हणजे ३०० वर्षांनी त्याचा सुमारे हजारावा हिस्सा उरतो. तेवढा काळ माणसाच्या कल्पनेत कसाबसा मावतो. पण त्याच काचेत अमेरिशियम आहे, त्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षे. टेक्नेशियम-९९ चे २ लाख वर्षांहून जास्त, नेप्च्युनियम-२३७ चे २० लाखांहून जास्त. वेगळे काढताना थोडे प्लुटोनियम मागे राहते, त्याचे २४,००० वर्षे. तारापूरचे तळघर काही दशकांसाठी बांधलेले आहे. त्याचे नावच साठवण आणि देखरेख केंद्र असे आहे, आणि साठवण म्हणजे विल्हेवाट नव्हे. पोत्यात भरून माळ्यावर ठेवलेला माल ठेवलेला असतो, संपलेला नसतो. 'काचेत घातला, मिटले' या वाक्यात ही पहिली गफलत आहे.

दुसरी गफलत त्याहून गंभीर आहे. काच होईपर्यंत हा कचरा द्रवरूपात असतो, आणि जगातले मोठे घात तिथेच झालेले आहेत. २९ सप्टेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघात मायाक इथल्या कचऱ्याच्या एका टाकीची शीतन व्यवस्था बिघडली. द्रावण आटून कोरडे पडले, तापले आणि टाकीचा स्फोट झाला. शेकडो किलोमीटरपर्यंत किरणोत्सर्गी धूळ पसरली, गावे उठवली गेली, आणि सोव्हिएत सरकारने हे उघडपणे मान्य केले ते १९८९ मध्ये. तिथे अणुभट्टी फुटली नव्हती, बॉम्ब पडला नव्हता. कचऱ्याची टाकी नीट सांभाळली गेली नव्हती, आणि ती कोण सांभाळतो हे विचारण्याची कोणाला मुभा नव्हती. अमेरिकेत हॅनफर्डला १७७ भूमिगत टाक्यांत असाच वारसा पडून आहे; त्यातल्या कित्येक गळल्या आणि त्या आवरण्याचे काम आजही चालू आहे.

भारतात असे काही झाले नाही, असे उत्तर येईल. मायाकसारखे झाले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण २१ जानेवारी २००३ ला कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात काय झाले ते पाहा. कमी पातळीच्या कचऱ्याचा नमुना म्हणून कर्मचाऱ्यांनी टाकीतून द्रावण काढले. एक झडप निकामी झाल्याने त्या टाकीत उच्च पातळीचे द्रावण शिरले होते. ते सांगणारा किरणोत्सर्गाचा गजर त्या जागेवर नव्हता. ६ कर्मचाऱ्यांना मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा बसली. काम थांबवावे, गजर बसवावेत, अशी कामगारांची मागणी होती. बाहेरच्या जगाला हे कळायला काही महिने लागले, आणि कळले तेव्हा भाभा अणु संशोधन केंद्राच्या संचालकांनीच तो आपल्या इतिहासातला सर्वांत वाईट अपघात असल्याचे मान्य केले. आता महत्त्वाचा प्रश्न: गजर नसलेल्या जागी काम होऊ देणाऱ्याला जाब विचारणारा बाहेरचा अधिकारी कोण होता? कोणीच नव्हता. २००० साली सरकारने आदेश काढून भाभा अणु संशोधन केंद्राचे सगळे प्रकल्प अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेतून काढून घेतले होते. त्यांची सुरक्षा पाहायला केंद्राचीच अंतर्गत परिषद नेमली. तुर्भे, तारापूर आणि कल्पाक्कम इथले पुनर्प्रक्रिया आणि कचऱ्याचे कारखाने या केंद्राचेच. म्हणजे वीज करणाऱ्या भट्टीवर नियामक मंडळ, आणि देशातला सर्वांत जहाल पदार्थ जिथे जमा होतो तिथे घरचीच समिती. उलटे असते तरी एक वेळ समजून घेता आले असते.

आणि ते नियामक मंडळ तरी कितपत मोकळे होते? १५ नोव्हेंबर १९८३ रोजी ते सरकारी आदेशाने स्थापन झाले, संसदेच्या कायद्याने नव्हे. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच अणुऊर्जा खात्याचा सचिव. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेल्या डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी ही रचना मंडळाचे हात कसे बांधते हे नंतर पुन्हा पुन्हा जाहीरपणे मांडले. ते अणुऊर्जेचे शत्रू नव्हते. याच क्षेत्रातले अभियंते होते. २०१२ मध्ये कॅगचा अहवाल आला. स्थापनेनंतर जवळजवळ तीन दशकांनीही देशाचे किरणोत्सर्ग-सुरक्षा धोरण मंडळाने तयार केलेले नव्हते. नियम मोडणाऱ्याला करता येणारा जास्तीत जास्त दंड ५०० रुपये होता. ५०० रुपये! वाहतुकीचा सिग्नल तोडण्याच्या तोडीचा. एक्स-रे यंत्रांपैकी ९१ टक्के मंडळाच्या नोंदणीशिवाय चालत होती. संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ मध्ये हे सगळे उचलून धरले. २०११ मध्ये फुकुशिमानंतर स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक आले होते, ते १५ वी लोकसभा विसर्जित होताच २०१४ मध्ये बारगळले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पाहणी पथकाने, आपल्याच सरकारच्या निमंत्रणावरून येऊन, सांगितले की मंडळाची स्वायत्तता कायद्यात लिहा आणि किरणोत्सर्गी कचऱ्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर करा. इतक्या बाजूंनी एकच गोष्ट सांगितली गेली असताना तिला 'विरोधकांचा कांगावा' म्हणणे अप्रामाणिक आहे.

आता नवा कायदा आला, मग तक्रार कशाला, असे विचारले जाईल. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाने ओळखला जाणारा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदायित्व कायदा त्याने मोडीत काढला, खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडले आणि नियामक मंडळाला पहिल्यांदा कायद्याचे अधिष्ठान दिले. हे शेवटचे पाऊल चांगले आहे आणि ते चांगले आहे असे स्वच्छ म्हटले पाहिजे. पण पुनर्प्रक्रिया आणि उच्च पातळीच्या कचऱ्याचे व्यवस्थापन केंद्र सरकारनेच हाती ठेवले आहे. सरकारने ते हाती ठेवायला माझी हरकत नाही. असला ऐवज कंपनीच्या ताळेबंदावर सोपवण्यापेक्षा सरकारकडे असलेला बरा. मात्र त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, वीज विकून नफा कंपनी घेणार आणि हजारो वर्षांची राखण जनतेच्या गळ्यात पडणार, तर त्या राखणीचा खर्च आजच, प्रत्येक युनिटमागे, कंपनीकडून वसूल व्हायला हवा. अणुभट्टी पुढे मोडीत काढण्यासाठी प्रतियुनिट २ पैसे घेण्याची पद्धत आहेच. तसाच पण खर्चाचा खरा अंदाज मांडून ठरवलेला आकार कचऱ्यासाठी हवा आणि तो वेगळ्या खात्यात दिसायला हवा. दोन, मंडळाला कायद्याचे नाव मिळाले म्हणजे तुर्भे-तारापूरच्या दारात त्याचा निरीक्षक जाऊ शकतो असे आपोआप होत नाही. त्याला पूर्वसूचना न देता आत जाता आले पाहिजे, टाक्यांतला साठा स्वतः तपासता आला पाहिजे, काम थांबवण्याचा हुकूम देता आला पाहिजे आणि तो हुकूम जाहीर करता आला पाहिजे. २००० सालचा तो आदेश नव्या व्यवस्थेत शब्दाने किंवा व्यवहाराने जिवंत राहिला, तर कायद्याचे अधिष्ठान नुसते पाटीवर राहील.

सर्वांत जोरकस आक्षेप देशाच्या संरक्षणाचा आहे, आणि तो हलक्याने घेऊ नये. पुनर्प्रक्रियेतूनच प्लुटोनियम मिळते. कचऱ्याचे आकडे जाहीर केले तर प्लुटोनियमचे आकडे शत्रूला काढता येतील, असे म्हणतात. काही कारखान्यांबाबत हे खरे असू शकते. पण त्यावरून सगळ्यावर पडदा टाकता येत नाही. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स या तिघांकडेही अण्वस्त्रे आहेत. ब्रिटन आणि फ्रान्स आपल्या किरणोत्सर्गी कचऱ्याची राष्ट्रीय यादी ठरावीक काळाने छापतात: कुठे, किती, कोणत्या रूपात. अमेरिकेत शस्त्रांच्या कारखान्यांवर नजर ठेवायला १९८८ पासून एक वेगळे स्वतंत्र मंडळ आहे, आणि हॅनफर्डच्या टाक्यांबद्दल आपण इथे बसून बोलू शकतो ते त्या देशाने ते उघड केले म्हणून. शत्रूपासून लपवायचे ते लपवावे. पण काचीकरण झालेल्या डब्यांची संख्या, टाक्यांचे वय, गळती झाली की नाही, कामगारांना बसलेली मात्रा, यात शत्रूच्या कामाचे असे काय आहे? ही माहिती लागते ती घिवली-तारापूरच्या मच्छीमाराला आणि मानखुर्दच्या चाळकऱ्याला. कचरा आणि वापरलेले इंधन यांच्या सुरक्षेचा १९९७ चा आंतरराष्ट्रीय करार २००१ पासून लागू आहे. त्याचे सदस्य देश ठरावीक वर्षांनी आपला अहवाल इतरांपुढे तपासणीला ठेवतात, आणि लष्करी कचरा त्यातून वगळण्याची सोय त्या करारातच आहे. तरीही भारत त्याचा सदस्य झालेला नाही. संरक्षणाचे कारण इथे पुरत नाही.

'हा कचराच नाही, संपत्ती आहे,' असाही एक युक्तिवाद असतो. प्लुटोनियम द्रुतगती भट्टीत जळेल, जड मूलद्रव्ये वेगळी काढून तीही तिथेच संपवता येतील. तारापूरला ती वेगळी काढण्याचे प्रात्यक्षिक केंद्र उभे राहिले आहे, आणि हे संशोधन चालू राहिले पाहिजे. पण कल्पाक्कमच्या द्रुतगती भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि २० वर्षे उलटली तेव्हाही ती वीज देत नव्हती. ज्या भट्ट्या आज नाहीत त्यांच्या भरवशावर आजच्या टाकीची देखरेख सैल ठेवता येणार नाही. संपत्ती म्हटले की ती जपायची, तिजोरीत ठेवायची, हिशोब द्यायचा. म्हणजे तो युक्तिवाद मान्य केला तरी देखरेख वाढायला हवी, कमी नव्हे. शिवाय सगळा कचरा पुनर्प्रक्रियेला जातोच असेही नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे अमेरिकी युरेनियमचे इंधन, अमेरिकेशी त्यावरच्या हक्काचा वाद मिटेना म्हणून, दशकानुदशके तिथेच साठून राहिले. जैतापूरच्या भट्ट्याही समृद्ध युरेनियमच्या, परदेशी इंधनाच्या असणार. ते इंधन किती वर्षे माडबनच्या सड्यावर राहील, याचे बंधनकारक उत्तर भट्टीच्या पहिल्या काँक्रीटआधी मिळायला हवे.

कोळशाच्या राखेकडे बोट दाखवणारे मित्रही आहेत. राख लाखो टन, अणुकचरा काही खोल्यांत मावेल एवढा. मग कोणता वाईट? राख वाईट आहे, २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेचा बंधारा फुटून शेते आणि नाले कसे भरले ते विदर्भाने पाहिले आहे. पण ते आपल्याला कळले कसे? बंधाऱ्याला केंद्र सरकारची अधिसूचना लागू होती, प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाब विचारता येत होता, पत्रकाराला काठावर उभे राहता येत होते. कोळशाशी तुलना करायची तर ती इथपर्यंत न्यावी लागेल. आणि 'थोडाच' हा शब्द आजच्या ९ हजार मेगावॉटच्या आसपासच्या क्षमतेवर बेतलेला आहे. सरकारचे जाहीर उद्दिष्ट २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉटचे आहे. दहापटीहून जास्त क्षमता उभारताना कचऱ्याचे नियम मात्र जुन्याच मापाचे ठेवणे म्हणजे गाव वाढवायचे आणि गटार तेवढेच ठेवायचे.

शेवटी या काचेला जमिनीच्या पोटात जागा लागणारच. १९८०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे १ किलोमीटर खोलीवर, विजेचे तापक पुरून खडकावर उष्णतेचा काय परिणाम होतो याचा अभ्यास आपल्या शास्त्रज्ञांनी केला होता. त्यात कचरा नव्हता, पण २०१२ मध्ये तिथे कचरा टाकणार अशी नुसती कुणकुण लागताच लोक रस्त्यावर आले. गुप्ततेने शांतता मिळत नाही, हे त्यातून शिकायला हवे होते. सरकारचे आजवरचे म्हणणे असे की साठा थोडा असल्याने खोल भांडाराची निकड पुढची काही दशके नाही. बांधकामाची निकड नसेलही. पण जागा कोणत्या निकषांवर निवडायची, कोण निवडणार, त्या गावाला नकाराचा हक्क असेल का, हे ठरवायला खडक लागत नाही, कायदा लागतो, आणि तो आज हवा. फिनलंडने तेच आधी केले. ओल्किलुओतोच्या खडकात सुमारे ४३० मीटर खोल भांडार खोदण्याआधी युराजोकी या छोट्या नगरपालिकेला नकाराचा कायदेशीर हक्क होता. तिने होकार दिला, मग २००१ मध्ये संसदेने मोहोर उठवली, आणि बांधणाऱ्या कंपनीपासून वेगळ्या असलेल्या नियामकाने एकेक टप्पा तपासल्यावरच सरकारने बांधकामाचा परवाना दिला. अमेरिकेने पैसा भरपूर जमवला, पण १९८७ मध्ये वॉशिंग्टनमधूनच नेवाडातला एकच डोंगर नेमून टाकला. नेवाडाने तो कधीच मान्य केला नाही आणि तिथे आजवर एकही डबा गेलेला नाही. तरीही तिथे एक धडा आहे. सुरक्षेचे मानक ठरवणारी, परवाना देणारी आणि बांधणारी यंत्रणा तिथे तीन वेगळ्या संस्थांत विभागलेली होती, आणि १० हजार वर्षांचे मानक अपुरे म्हणून २००४ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. नागरिकांनी मानकावरच दावा लावावा, अशी सोय आपल्याकडे कुठे आहे?

आणि या राखणीच्या नोंदीचे काय? दिल्लीतल्या एका विद्यापीठात वापराविना पडलेले कोबाल्टचे विकिरण यंत्र २०१० मध्ये भंगारात विकले गेले, मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडले आणि एक माणूस मेला. जेमतेम २५ वर्षांत त्या यंत्रात काय आहे याची आठवण पुसली गेली होती. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडीतले दप्तर आहे. शंभर वर्षांपूर्वी पेठेतला कारकून जे सरसर वाचत होता, ते आज वाचायला मोडीचा वर्ग लावून शिकलेला माणूस शोधावा लागतो. कागद टिकला, वाचणारा गेला. ३०० वर्षांच्या राखणीची नोंद एका खात्याच्या कपाटात, गोपनीय शिक्क्याखाली ठेवणे किती धोक्याचे आहे हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. जी नोंद अनेक हातांत, अनेक ठिकाणी आणि उघडी असते तीच टिकते.

म्हणून हे सगळे वाचून नुसती मान डोलवू नका. कोल्हापूर आणि हातकणंगले, दोन्ही मतदारसंघांचे खासदार या मातीतले आहेत. त्यांना पत्र लिहा आणि संसदेत चार लेखी प्रश्न विचारायला लावा. तुर्भे आणि तारापूरच्या कचरा-प्रकल्पांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचा अधिकार चालतो का? तिथे आज उच्च पातळीचे द्रावण किती आणि काचेचे डबे किती? १९९७ च्या करारावर भारत सही कधी करणार? आणि जैतापूरची भट्टी झालीच, तर तिचे वापरलेले इंधन माडबनला किती वर्षे राहणार? उत्तर 'देशहितार्थ देता येत नाही' असे आले, तर ते उत्तरही छापून पेठेतल्या प्रत्येक तालमीच्या फळ्यावर लावा.